दोन नंबर जुळले, तिसरा मुठीखाली होता

मी डॅलसजवळ राहतो. जुनी अमेरिकन रिव्हॉल्व्हरं जमवायचा नाद आहे. त्या नादापायी ३,२०० डॉलर कसे घालवले, ते लिहितो.

गेल्या वर्षी एका गन शोमध्ये एका म्हाताऱ्याच्या टेबलावर स्मिथ अँड वेसनचं १९२६ मॉडेल दिसलं, .४४ स्पेशल काडतुसाचं. हे मॉडेल निघालं तेच मुळी फोर्ट वर्थच्या वुल्फ अँड क्लार या दुकानाच्या मागणीमुळे. टेक्सासातल्या शौकिनांना ही गोष्ट पाठ असते, आणि हे म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं. "त्याच लॉटमधलं," एवढंच तो म्हणाला. बाकीची कथा मी मनातच रचली.

त्याने सिलिंडर उघडून मागचा नंबर दाखवला, मग बॅरलच्या पोटाखालचा. दोन्ही पाच आकडी, दोन्ही एकच. हाच नंबर मुठीच्या बुडावरही असतो आणि कायद्याने खरा तोच. पण इथे मूठ मागाहून बसवलेली, अक्रोडाची, जाडजूड, बूड पूर्ण झाकणारी. एक स्क्रू काढायचा होता. मी लाकडाचं कौतुक केलं आणि पैसे मोजले. एकाच राज्यातल्या दोघांचा खाजगी व्यवहार, त्यामुळे मध्ये डीलर नाही, साधी पावतीही नाही.

घरी येऊन स्क्रू काढला. नंबर सहा आकडी! दुसऱ्या महायुद्धाआधीच्या .४४ चे नंबर तिथवर कधी पोचलेच नाहीत. शेजारी धातू घासून खोलगट झालेला. टॉर्च तिरका धरला की '१९१७' मधला '१७' अजून उमटतो. जवळच बुजवलेलं भोक, लष्करी दोरीच्या कडीचं. म्हणजे फ्रेम १९१७ मॉडेलच्या .४५ आर्मी रिव्हॉल्व्हरची, आणि बॅरल-सिलिंडर कुठल्याशा मोडक्या .४४ चं. नंबर घासणं फेडरल गुन्हा, म्हणून तेवढा शिल्लक ठेवला असावा.

मग बाकीचंही दिसायला लागलं. मूळ मालाचा घोडा आणि चाप केस-हार्डनिंगमुळे, म्हणजे धातूचा पृष्ठभाग तापवून कडक केल्यामुळे, ढगाळ, निळसर-तपकिरी छटांचे असतात. इथे दोन्ही काळेनिळे. स्क्रूभोवतीच्या कडा बशीसारख्या खोल गेलेल्या. पॉलिशच्या चाकावर धरून पुन्हा ब्लूइंग केलं, म्हणजे निळाकाळा मुलामा चढवला, की असंच होतं. कंपनीच्या हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून पत्र मागवलं: .४५, रवानगी १९१८, अमेरिकन लष्कर.

गनस्मिथचा हात सुरेख आहे, हे कबूल. रिव्हॉल्व्हरांवर असं काम करणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या किंग गन साइट कंपनीचा शिक्का असता तर कन्व्हर्जन, म्हणजे बदलून बनवलेलं रिव्हॉल्व्हर, म्हणूनच मी हौसेने पैसे दिले असते. हे निनावी. हजाराच्या वर कोणी बोलत नाही.

म्हाताऱ्याचा फोन दोनदा वाजला, मग बंदच.

आता खिशात स्क्रूड्रायव्हर असतो. मागच्या महिन्यात एकजण म्हणाला, "लाकूड जुनं आहे, तडा जाईल, मूठ काढू नका." मी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि कॉफी प्यायला गेलो.