पोत्याच्या तोंडाला शेणखत, खाली भलतंच

बागेतली माती अगदीच निकस. पाणी घातलं की डबकं, आठवड्याने भेगा. भाजी लावण्याआधी शेणखत घालायचं ठरवलं. विकणाऱ्याने पोतं सोडून दाखवलं: काळंभोर, भुसभुशीत, पावसाळी मातीसारखा वास. "पूर्ण कुजलेलं आहे, आज घाला, उद्या रोपं लावा." मी पोतीच्या पोती घेतली आणि मजूर लावून वाफ्यांत मिसळूनही टाकली. पोती ओतली कोणी, मिसळली कोणी, मी बघायलाही गेलो नाही. ही चूक माझी.

टोमॅटोची काही रोपं चारच दिवसांत कडेने करपली. उरलेली खालच्या पानापासून पिवळी पडत गेली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं!

शेवटी उरलेल्या पोत्यांतलं एक फरशीवर उलटं केलं. वर वीतभर चांगलं खत. त्याखाली हिरवट ओले गोळे, अख्खा पेंढा, मूठमूठ लाकडाचा भुसा आणि त्यात वेटोळं करून बसलेली हुमणीची अळी. आत हात घातला तर ऊब लागली, अमोनियाने डोळे चुरचुरले. म्हणजे कच्चं शेण. त्याने मुळं भाजली, आणि भुसा कुजवायला जिवाणूंनी मातीतलाच नत्र (नायट्रोजन) ओढून घेतला, म्हणून पानं पिवळी. एक मूठ बरणीत पाण्यात ढवळून रात्रभर ठेवली. सकाळी तळाशी तीन बोटं वाळू! वजन तिचंच होतं.

जाब विचारला तर उत्तर: "निसर्गाचा माल आहे, कमी-जास्त व्हायचंच."

आता मी दाखवायला सोडलेलं पोतं बघतच नाही. मागचं कुठलंही एक निवडून तळापर्यंत ओतायला लावतो. शिवाय थोडं खत आधी आणून, निम्मी माती मिसळून, कुंडीत घेवडा पेरतो. काही तणनाशकं चाऱ्यातून जनावराच्या पोटात जाऊन शेणातही टिकतात, आणि खतात तसलं काही असेल तर घेवड्याची पानं वेडीवाकडी मुडपतात. दोन-तीन आठवडे जातात, जाऊ देत. घाई करणाऱ्या विकणाऱ्याकडून तर मुळीच घेत नाही.

त्या वाफ्यांत मुळा-पालक लावायचा होता, तोही राहिला. कच्च्या शेणात रोगजंतू असू शकतात. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात ते घातल्यापासून मातीला टेकणाऱ्या भाजीच्या काढणीपर्यंत किमान 120 दिवसांचं अंतर सांगितलंय. उरलेल्या पोत्यांचा ढीग करून झाकलाय, अधूनमधून खालीवर करतो. वाफे या हंगामात रिकामेच आहेत.