शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश: शाळेत वर्षभर वापरल्यानंतर

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हापासून सातवी-आठवीच्या वर्गांत मी इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश वापरते आहे. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. शाळा जिल्हा परिषदेची, जिंतूर तालुक्यातली. असले कोश इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठीच असतात, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. तो मला अजिबात मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी म्हणते तो कोश म्हणजे इंग्रज माणसाच्या कपाटातला जाडजूड ग्रंथ नव्हे. 'लर्नर्स डिक्शनरी' हा प्रकारच वेगळा, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी तयार केलेला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला, आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो नव्या नावाने काढला. आजच्या 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स'चं मूळ ते. पुढे 1978 मध्ये लाँगमनने आपल्या कोशातल्या व्याख्या सुमारे 2000 नेहमीच्या शब्दांतच बसवल्या. तेवढे शब्द आले की कोशातल्या बहुतेक व्याख्या वाचता येतात. आठवीतल्या मुलाला हे झेपतं का? सगळ्यांना नाही, पण वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त मुलांना झेपतं.

इंग्रजी-मराठी कोशाची अडचण मुलांच्या वह्या तपासताना दिसते. 'फाइन' उघडला की उत्तम, बारीक, दंड असे शब्द एका रांगेत उभे. मूल पहिला उचलतं आणि ग्रंथालयाने 'फाइन' लावला या वाक्याचा अर्थ ग्रंथालय उत्तम आहे असा लिहितं. दोष मुलाचा नाही, कोणता अर्थ कुठे चालतो हे त्याला कुणी सांगितलंच नाही. 'बॉरो' आणि 'लेंड'चं तसंच. आपण उसने घेतो आणि उसनेच देतो. इंग्रजीत घेणाऱ्याची क्रिया एक आणि देणाऱ्याची दुसरी. इंग्रजी-इंग्रजी कोशातली व्याख्या घेणारा कोण, देणारा कोण, परत करायचं का, हे साध्या वाक्यात सांगते. 'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक' हे चार शब्द मी याच पद्धतीने शिकवले, व्याख्या आणि वाक्यं एकाखाली एक लिहून. त्या दोन तासांइतकं लक्ष देऊन मुलं वर्षभरात क्वचितच बसली असतील.

पण माझ्या मते या कोशाची खरी कमाई व्याख्येत नाही, तिच्याखालच्या उदाहरणाच्या वाक्यात आहे. आपल्या मुलांचं इंग्रजी अडतं ते शब्द माहीत नसतो म्हणून कमी, शब्दाला काय जोडायचं ते माहीत नसतं म्हणून जास्त. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून मुलं 'डिसकस अबाउट' लिहितात. कुणाशी तरी लग्न होतं, म्हणून 'मॅरीड विथ'. परीक्षा द्यायची असते, म्हणून 'गिव्ह ॲन एक्झाम'. कोशातली वाक्यं नीट पाहिली तर 'डिसकस'च्या पुढे 'अबाउट' नसतो, 'मॅरीड'नंतर 'टू' येतो आणि परीक्षा 'टेक' करतात. व्याकरणाचा नियम पाठ करून हे टिकत नाही. तीच जोडी तीन-चार वाक्यांत डोळ्यांखालून गेली की टिकतं. 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस' अशा शब्दांपुढे 'यू'ची खूण असते, म्हणजे मोजता न येणारं नाम, त्याला 'एस' लावायचा नाही. ही खूण वाचायला शिकवायला एक तास पुरतो. आमच्याकडे बी.एड.ला कोश कसा वाचायचा हे कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकवायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

वाक्यांबद्दल तक्रारही आहे. परदेशी कोशांतली बरीच उदाहरणं बर्फाची, पबची, लंडनच्या रेल्वेची. मुलांना वाक्य कळतं, पण आपलं वाटत नाही. त्यावर मी वहीची सोय केली. डाव्या पानावर शब्द, व्याख्या आणि कोशातलं एक वाक्य जसंच्या तसं. उजव्या पानावर त्याच साच्यातलं स्वतःचं वाक्य, आणि ते गावातलं, घरातलंच हवं ही अट. 'ड्राय अप'साठी एका मुलीने लिहिलं: 'अवर वेल ड्राइज अप इन मार्च.' 'रिलीज'साठी दुसऱ्याचं: 'दे रिलीज्ड वॉटर फ्रॉम येलदरी डॅम.' हीच वाक्यं मुलांना पुढे महिनोन्‌महिने आठवली. 'पुट ऑफ' अडलेला मुलगा आपोआप म्हणतो, 'मॅडम, आत्याचं लग्न पुट ऑफ केलं होतं तेच ना?'

वाक्प्रचार शोधणं मात्र कटकटीचं. ते वेगळ्या यादीत नसतात. बहुतेक वेळा त्यातल्या पहिल्या महत्त्वाच्या शब्दाखाली, नोंदीच्या शेवटी असतात. 'पुट'सारख्या क्रियापदाच्या नोंदी तर पानंच्या पानं चालतात. 'पुट आउट', 'पुट अप विथ' शोधताना पाचवी-सहावीतलं मूल दमून जातं. त्या वयात हा कोश हातात देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. वस्तू, धान्य, झाडं, पक्षी यांना मराठी प्रतिशब्दच बरा. 'सॉर्घम'ची व्याख्या वाचून एक धान्य आहे एवढं कळतं, 'ज्वारी' म्हटलं की भाकरी समोर येते. 'पिजन पी' म्हणजे तूर, विषय संपला. माझा नियम असा: हात लावता येतो त्याला इंग्रजी-मराठी, क्रियापदं आणि मनातल्या गोष्टींना इंग्रजी-इंग्रजी. 'मॅडम, मराठीत सांगा की' असं मूल म्हणालं तर मी सांगते. मराठीला बंदी घालून इंग्रजी येतं यावर माझा विश्वास नाही.

उच्चारांसाठी छापील कोश अपुरा पडतो, चिन्हांची लिपी मुलांना जड जाते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे शिकणाऱ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर फुकट आहेत आणि ब्रिटिश, अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकवतात. 'रेकॉर्ड' नाम असताना जोर पहिल्या भागावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर, हे कानानेच कळतं. आमच्याकडे लाइट जाते, रेंज जाते, म्हणून मी उच्चार घरी ऐकून येते आणि वर्गात छापील प्रत ठेवते.

हे सगळं मी इतक्या आग्रहाने लिहिते त्याला घरचं कारण आहे. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, वडिलांना इंग्रजीचं पहिलं अक्षर पाचवीत दिसलं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 मध्ये. आमच्या मुलांच्या घरात अजूनही इंग्रजी वाक्य विचारायला कुणी नसतं. वाक्य दाखवणारं पुस्तक त्यांच्या हाताशी असलंच पाहिजे.

प्रत नवीच हवी असं नाही. मी छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून जुनी आवृत्ती घेतली, शाळेच्या कामाला ती पुरते. घेताना शिवण आणि शेवटची पानं तपासा, मुलांच्या हाताळण्यात आधी तीच सुटतात. शक्य असेल तर एकाऐवजी दोन प्रती घ्या. चाळीस मुलांत एक कोश फिरला की मागच्या बाकापर्यंत पोचेपर्यंत तास संपतो, पुढच्या जूनसाठी दुसरी प्रत मी सांगून ठेवली आहे.