जुन्या आउटबोर्डचा दम गेलाय: कार्बोरेटरला किट टाकावं की नवा बसवावा?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. होडी वर ओढलेली, तिच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन पडवीत. ऑगस्टात पहिल्यांदा पाण्यात उतरावं तर इंजिन चालू होतं, हळू चालतंही, पण रेस दिली की दम टाकतं. दोन महिन्यांत कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, वाटीतलं पेट्रोल सुकून चिकट थर धरलेला असतो आणि रेसला पेट्रोल सोडणाऱ्या मेन जेटचं बारीक भोक अर्धंमुर्धं बुजलेलं असतं. मग प्रश्न येतो: आहे तोच कार्बोरेटर उघडून, साफ करून किट (नवी नीडल, गॅस्केट) टाकायचं, की ऑनलाइन मिळतो तसा नवा कोरा आणून बसवायचा? माझ्या ९.९ एचपीच्या दोन सिलेंडरी टू-स्ट्रोकवर मी दोन्ही करून पाहिलंय. इंजिन वीस वर्षांच्या पुढचं, होडी मालवणजवळच्या देवबागची, कर्ली खाडीतून आत-बाहेर करणारी.

आधी दोष खरंच कार्बोरेटरचा आहे ना, ते बघा. फुल रेसवर इंजिन मरगळलं की पेट्रोलच्या पाइपावरचा रबरी फुगा दाबत राहा. तेवढ्याने जोर आला तर पंपाचा पडदा फाटलाय किंवा पाइप कुठेतरी हवा ओढतोय. दहा मिनिटं चालून बंद पडत असेल तर टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे का पाहा. इंजिन ओरडतंय पण होडी पुढे जात नाही, तर पंख्याच्या आतलं रबर घसरलंय. एकच सिलेंडर मारत असेल तर ठिणगी तपासा, कारण या इंजिनात दोघांना मिळून कार्बोरेटर एकच असतो. आणि फुल रेसवर चोक (हवा अडवणारी झडप) जरासा ओढल्यावर इंजिन सावरलं, तर पेट्रोल कमी पडतंय. फुग्याने फरक पडला नाही आणि चोकने पडला, तर कार्बोरेटर काढायला हरकत नाही.

नव्याची बाजू आधी सांगतो, कारण ती मोहात पाडणारी आहे. मी घेतलेला नवा कंपनीचा नव्हता, त्याच मापाची नक्कल होती. किटच्या साधारण तिप्पट पैसे गेले, पण दोन नट काढले, दोन लावले, अर्ध्या तासात काम झालं. पहिल्याच दिवशी होडी पूर्वीसारखी उचलली. मेकॅनिक जवळपास नसेल आणि हंगाम चालू असेल, तर हा अर्धा तास फार मोलाचा असतो, हे मी नाकारणार नाही.

माझं मन फिरलं ते मंद चालीमुळे. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असतात तेव्हा रेस कमी करून थांबावं लागतं. मोठ्या लाटा निघून गेल्या की मगच बाहेर पडायचं. नेमका त्याच वेळी हा कार्बोरेटर भुकभुक करून बंद पडायचा. मंद चाल जुळवणारा पायलट स्क्रू दीड आटे सोडून ठेवला की ठीक चालायचं, पण होडीच्या दोन-तीन फेऱ्या मारून आलो की स्क्रू आपोआप सरकलेला. त्याखालची स्प्रिंग इतकी मऊ होती की इंजिनाच्या थरथरीनेच तो फिरायचा. दर वेळी पेचकस घेऊन बसायचं, आणि लाटेकडे आडवी झालेली होडी धरून दोरी ओढायची. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा होऊ द्यायचं नव्हतं.

दुसरी गोष्ट मोजमाप करून सांगता येणार नाही, प्लग बघून सांगतो. जुन्या कार्बोरेटरवर प्लगचं टोक दुधाच्या चहासारख्या रंगाचं असायचं, नव्यावर पांढुरकं पडायला लागलं, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल जातं, म्हणजे पेट्रोल कमी तर वंगणही कमी. पिस्टन धरला, म्हणजे जाम झाला, तर कार्बोरेटरवर वाचवलेला वेळ काय कामाचा? कदाचित माझ्या वाट्याला आलेला नगच तसा असेल. दुसऱ्या कुणाचा नीट चालतही असेल.

जुना उघडायला माझी अख्खी दुपार गेली. वाटी, तिच्यातला तरंगता फ्लोट, त्याच्यावर पेट्रोल बंद-चालू करणारी नीडल, दोन्ही जेट काढून कार्बोरेटर क्लीनरमध्ये, मग कॉम्प्रेसरची हवा. रबराचं काहीही क्लीनरमध्ये टाकू नका. जेटमध्ये स्टोव्हची पिन घालण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे, ती मात्र कृपा करून सोडा. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, इंजिन काळा धूर टाकतं आणि प्लग ओले होतात. जेट उजेडासमोर धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा भिजत घाला. किटमधली नीडल आणि गॅस्केट मात्र नवीच टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही, शिवाय ते हवेतला ओलावा धरतं. फ्लोटची उंची जुन्याइतकीच ठेवा.

त्यानंतर पूर्ण हंगाम स्क्रूला हात लावलेला नाही. खाडीच्या तोंडाशी इंजिन हळू, एका सुरात चालत राहतं.

तरी एका बाबतीत मी नव्याच्या बाजूने बोलेन. खाऱ्या पाण्याने आतली धातू खड्डे पडून पांढरी झाली असेल, किंवा रेसच्या दांड्याची जागा झिजून तिथून हवा जात असेल, तर किटने काही होणार नाही. तेव्हा महाग पडला तरी कंपनीचाच घ्यावा असं मला वाटतं, आणि जेटवरचा आकडा जुन्याशी जुळवून मगच पैसे द्यावेत.

आता मेअखेरीस मी इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये उभं करतो, पेट्रोलचा पाइप काढतो आणि ते आपणहून बंद पडेपर्यंत चालवतो. मग वाटीखालचा स्क्रू सोडून उरलेले थेंब फडक्यावर घेतो. नक्कल मी फेकलेली नाही. फडक्यात गुंडाळून होडीच्या पेटीत ठेवली आहे, खाडीत अडकलो तर जेटीपर्यंत येण्यापुरती.