टॉवर की चेंबर? पीट बॉगवरचा कार्बन मोजायला निघण्याआधी

ओटावा शहराच्या पूर्वेला मेर ब्लू नावाचा एक बॉग आहे, साधारण 28 चौरस किलोमीटरचा. बॉग म्हणजे दलदलच, पण तिला नदी-नाल्याचं पाणी मिळत नाही. जे काही येतं ते पावसातून आणि बर्फातून. त्यामुळे पाणी आम्लधर्मी. वर स्फॅग्नम मॉसची गादी, तिच्यात गुडघाभर झुडपं आणि खाली हजारो वर्षांत अर्धवट कुजून साचलेलं पीट. कॅनडा, स्वीडन किंवा मिनेसोटात अशा जागी एम.एस. करायला निघालेली आपली मुलं हमखास विचारतात, "टॉवरवर काम करू की चेंबरवर?" मेर ब्लूमध्ये 1998 पासून टॉवर आहे आणि तिथे चेंबरनेही भरपूर मोजमाप झालं आहे, म्हणून उत्तर तिथूनच शोधू.

टॉवरची पद्धत म्हणजे एडी कोव्हेरियन्स. नाव भारदस्त, कल्पना साधी. मॉसच्या वर दोन-तीन मीटरवर हवेचा वर-खाली जाणारा वेग आणि त्याच हवेतला कार्बन डायऑक्साइड सेकंदाला 10 ते 20 वेळा मोजायचा. खाली उतरणाऱ्या झुळकांपेक्षा वर जाणाऱ्या झुळकांत वायू जास्त असेल, तर बॉग कार्बन सोडतो आहे. उलट असेल, तर शोषतो आहे. अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब लागतो. वाऱ्याच्या दिशेला शे-दोनशे मीटरचा पट्टा एका दमात मोजला जातो आणि मॉसच्या एका काडीलाही धक्का लागत नाही.

चेंबर म्हणजे पारदर्शक डबा. पीटमध्ये आधी कॉलर, म्हणजे डबा बसवायचं कडं, रुतवून ठेवायची, तिच्या खोबणीत पाणी घालायचं, वर डबा बसवायचा आणि आतला वायू किती वेगाने बदलतो ते दोन-चार मिनिटं बघायचं. मग काळं कापड टाकून पुन्हा मोजायचं. अंधारात मिळतं ते श्वसन. उजेडातल्या आणि अंधारातल्या आकड्यांतला फरक म्हणजे प्रकाशसंश्लेषण. टॉवरलाही ही फोड करावी लागते, पण तो ती गणिती मॉडेलने करतो. चेंबरवाल्याला ती डोळ्यांसमोर दिसते.

आता आकडे. मेर ब्लूच्या सहा वर्षांच्या नोंदींत बॉगने दर चौरस मीटरला वर्षाकाठी सरासरी 40 ग्रॅम कार्बन शोषला, कार्बन डायऑक्साइडच्या रूपात. पण एका वर्षी जेमतेम 2 ग्रॅम, तर दुसऱ्या एका वर्षी 112! दोन वर्षांच्या पदवीत यातली कुठली दोन वर्षं वाट्याला येतील ते नशीब. म्हणून टॉवर एकट्याने नव्याने उभारून "माझा बॉग कार्बन साठवतो" असं प्रबंधात लिहायला निघालेल्याला मी सरळ अडवते.

त्यात 40 हा आकडाही अंतिम नाही. मिथेनच्या रूपात सुमारे 3.7 ग्रॅम परत जातो आणि बॉगमधून बाहेर वाहणाऱ्या ओहोळाच्या चहाच्या रंगाच्या पाण्यात विरघळून आणखी 15 च्या आसपास. हातात उरतात वीसेक ग्रॅम. तो पाण्यातला वाटा टॉवरलाही दिसत नाही आणि चेंबरलाही नाही. त्यासाठी बाटल्या भरत ओहोळापाशी उभं राहावं लागतं. मिथेन वजनाने किरकोळ वाटला तरी शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवतो. गुणाकार करून पाहा: 3.7 ग्रॅम कार्बन म्हणजे जवळपास 5 ग्रॅम मिथेन, म्हणजे 133 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. शोषलेला 40 ग्रॅम कार्बन म्हणजे 147 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. कमाई जवळजवळ तिथल्या तिथे फिटते.

मिथेनचा प्रश्न असेल, तर माझा कल चेंबरकडे. बॉगची जमीन सपाट नसते. फूटभर उंच, कोरडे उंचवटे आणि त्यांना खेटून पाणथळ खळगे. उंचवट्यातून मिथेन नावापुरता निघतो, खळग्यातून कितीतरी पट. कापूसगवतासारख्या वनस्पतींच्या पोकळ देठांतून तर तो नळीतून यावा तसा थेट वर येतो. टॉवर या सगळ्याची खिचडी करून एकच आकडा देतो. चेंबर शित-शित वेगळं दाखवतो. मात्र 60 सेंटिमीटर व्यासाच्या 12 कॉलर मिळून साडेतीन चौरस मीटरही भरत नाहीत. त्यावरून 28 चौरस किलोमीटरचं अनुमान काढताना जीभ थोडी चावावी.

रात्र दोघांनाही छळते, वेगवेगळ्या तऱ्हेने. वारा पडला की टॉवरची पद्धत कोलमडते आणि त्या रात्रींचे आकडे गाळून रिकाम्या जागा अंदाजाने भराव्या लागतात. चेंबरमध्ये उलटं होतं: शांत हवेत मॉसमध्ये साचलेला वायू आतल्या पंख्याने ढवळला जातो आणि श्वसन आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. हिवाळ्यात कॉलर बर्फाखाली जातात. टॉवर चालू राहतो, पण खुल्या मार्गाचा, म्हणजे उघड्या हवेतच वायू मोजणारा, सेन्सर स्वतःच्या उबेने भोवतालची हवा तापवतो आणि जानेवारीत गोठलेला बॉग कार्बन खातोय असा आकडा येतो! ती दुरुस्ती न करता आलेख दाखवणारे मी पाहिले आहेत.

तापमानवाढीचा प्रयोग असेल, तर निवड करायची वेळच येत नाही. मिनेसोटातल्या स्प्रूस नावाच्या प्रयोगासाठी बॉगवर 12 मीटरच्या आसपास रुंदीचे 10 उघड्या छताचे कक्ष उभारले; काहींत 9 अंशांपर्यंत जास्त तापमान ठेवलं. एवढ्या जागेत टॉवरला वाऱ्याचा पट्टा मिळणार कुठून? तिथे चेंबरच.

खर्चात तुलना नाही. मिथेनसह टॉवर लाख डॉलरच्या आसपास जातो, वीज आणि देखभाल वेगळी. चेंबर कार्यशाळेत जोडता येतो. महाग असतो तो वायुमापक, आणि तो बहुतेक प्रयोगशाळांत आधीच असतो. चेंबरची खरी किंमत पाठीने आणि गुडघ्यांनी मोजायची असते, डासांसकट.

माझी निवड विचाराल, तर आधीपासून टॉवर असलेला बॉग शोधा आणि त्याच्या वाऱ्याच्या पट्ट्यात चेंबर लावा. अनेक वर्षांची नोंद आयती मिळते, आणि टॉवरच्या खिचडीतलं कुठलं शित कुठून आलं हे सांगण्याचं काम तुमचं. गाइडला पहिल्याच पत्रात दोन गोष्टी विचारा: वर्षाच्या किती नोंदी गाळाव्या लागतात आणि कॉलरपर्यंत फळ्यांची वाट आहे का. पहिल्या मोसमात मी फळी सोडून कॉलरशेजारी पाय टेकला होता. आलेखावर मिथेनचा सुळका उठला, आणि तो खळग्याचा मोठा शोध समजून मी आठवडाभर खूश होते. ते माझ्याच वजनाने पीटमधून सुटलेले बुडबुडे होते.