कोडिंग बूटकॅम्प: संपल्यावर काही महिन्यांनी लिहिलेला अनुभव

पूर्णवेळ बूटकॅम्प, म्हणजे कमी वेळात प्रोग्रामिंग शिकवणारा कोर्स, केला. जावास्क्रिप्ट, रिअ‍ॅक्ट, नोड, डेटाबेस असा वेबसाइट बनवायला लागणाऱ्या भाषेचा आणि साधनांचा नेहमीचाच अभ्यासक्रम होता. तो संपून बरेच महिने झाले आणि आता नोकरीत रोज कोड लिहिते. अभिप्राय मुद्दाम उशिरा लिहितेय. शेवटच्या डेमोच्या दिवशी सगळंच छान वाटतं, पण त्यातलं कामाला काय येतं ते कामाला लागल्यावरच कळतं.

माझे पैसे वसूल झाले, पण लेक्चरमुळे नाही. लेक्चरमध्ये जे शिकवतात ते जवळपास सगळं फुकट मिळतं. एमडीएन या वेबसाइटवर जावास्क्रिप्टची उत्तम माहिती आहे, फ्रीकोडकॅम्प २०१४ पासून चालू आहे, द ओडिन प्रोजेक्ट आहे, हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स आहे. फुकट मिळत नाही तो तुमचा कोड ओळ न ओळ वाचून 'हे असं का केलंस?' असं विचारणारा अनुभवी माणूस. बूटकॅम्पमध्ये असेपर्यंत तो माणूस, म्हणजे मेंटॉर, तुमच्या हाताशी असतो, आणि त्याचा वेळ जितका वापराल तितका बूटकॅम्प तुमचा.

म्हणून पहिला सल्ला: व्हेरिएबल, लूप, फंक्शन, अ‍ॅरे, ऑब्जेक्ट हे सुरू होण्याआधीच घरी पक्कं करून जा. माझ्या बॅचमध्ये ज्यांनी ते केलं होतं त्यांचे पहिल्याच आठवड्यातले प्रश्न खोल होते. बाकीच्यांचा मेंटॉरसोबतचा वेळ कंस कुठे राहिला हे शोधण्यात गेला.

दुसरं, पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल तपासायला पाठवणं, लहान ठेवा. आठवड्याचं काम एका दमात पाठवलं की मेंटॉर वरवर चाळतो आणि 'छान' म्हणून मोकळा होतो. चाळीस-पन्नास ओळी पाठवल्या की तो खरंच वाचतो. 'या फंक्शनचं नाव एक काम सांगतं, पण ते दोन कामं करतं' हा शेरा मला अशाच एका छोट्या पुल रिक्वेस्टवर मिळाला, आणि आजही फंक्शन लिहिताना तो डोक्यात असतो. प्रश्न विचारतानाही हेच. 'चालत नाहीये' एवढंच सांगू नका. काय व्हायला हवं होतं, काय झालं, एररमध्ये नेमकं काय लिहून आलं, तुम्ही काय काय करून पाहिलं, हे चार ओळींत लिहा. अनेकदा लिहितानाच उत्तर सापडतं. नाही सापडलं तर मेंटॉर थेट मुद्द्यावर येतो.

जोडीने कोडिंग करताना वेगवान जोडीदार कीबोर्ड घेतो आणि दुसरा बघत बसतो. ठरावीक वेळाने कीबोर्ड बदलायचाच असा आग्रह धरा. संथ माणसाला यात जास्त शिकायला मिळतं, आणि वेगवान माणसाला आपला विचार बोलून दाखवायची सवय लागते, जी पुढे मुलाखतीत लागतेच.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल थोडं सविस्तर. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत तोच उतारा आठवून लिहिणारे पुढे गेले. मी हे कोडला लावलं. आदल्या दिवशी शिकलेलं सकाळी रिकाम्या फाइलमध्ये, काहीही न पाहता लिहायचं. अडलं की आधी कुठे अडलं ते टिपायचं, मगच वही उघडायची. एआयकडून असाइनमेंट लिहून घेणाऱ्यांचा हा सराव पूर्ण बुडतो. शिकण्याच्या काळात त्याला समजावून सांगायला लावा, कोड मात्र स्वतः लिहा.

फ्रेमवर्कच्या, म्हणजे रिअ‍ॅक्टसारख्या तयार साधनांच्या, मागे धावण्यापेक्षा भाषा पक्की करा, हे माझं ठाम मत आहे. २०१९ मध्ये रिअ‍ॅक्टमध्ये हुक्स ही नवी पद्धत आली आणि क्लास कंपोनंट या आधीच्या पद्धतीवर बेतलेले ढीगभर धडे जुने झाले. पण १०, ९, १ ही आकड्यांची यादी जावास्क्रिप्टमध्ये नुसती सॉर्ट केली की १, १०, ९ असा क्रम येतो, कारण सॉर्ट आकड्यांची तुलना अक्षरांसारखी करतं. हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. ज्याला हे माहीत आहे त्याचा बग लवकर सापडतो.

प्रोजेक्ट एकच करा, पण शेवटपर्यंत न्या. यादी रिकामी असली तर काय दिसतं? नेट मध्येच गेलं तर? दोघांनी एकाच वेळी शेवटची जागा बुक केली तर? मुलाखतीत माझ्या प्रोजेक्टवर निघालेली चर्चा सगळी अशाच प्रश्नांवर होती. दिसण्याबद्दल कोणी विचारलं नाही.

आता कमतरता. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा एसक्यूएल घाईत उरकली, डेटाबेसमधला शोध वेगवान करणाऱ्या इंडेक्सचा तर उल्लेखही नाही. अल्गोरिदम स्वतःच करावे लागले. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नेलसाठी (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी) लिहिलं, म्हणजे असंख्य लोक एकाच कोडवर काम करतील हे धरूनच. आम्हाला मात्र अ‍ॅड, कमिट, पुश या स्वतःचा बदल नोंदवून पाठवायच्या आज्ञा एवढंच शिकवलं. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे प्रत्येक प्रोजेक्ट रिकाम्या फोल्डरपासून सुरू होतो. नोकरीत पहिल्या दिवशी समोर येतो तो दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेला कोड. कोर्स चालू असतानाच एखादा मध्यम आकाराचा ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेला) प्रोजेक्ट निवडून, एखादी ओळ कधी आणि का आली हे गिटच्या इतिहासातून शोधायचा सराव ठेवा.

नोकरीसाठीची मदत म्हणाल तर रेझ्युमेचा एक साचा आणि काही सराव मुलाखती, एवढीच होती. प्रवेशाआधी जी प्लेसमेंटची टक्केवारी सांगतात ती कशाच्या आधारावर काढली ते विचारा: प्रवेश घेतलेल्या सगळ्यांवर, की कोर्स पुरा करून नोकरी शोधत असलेल्यांवर? संस्थेनेच कामावर ठेवलेले माजी विद्यार्थी त्यात धरलेत का? एका मेंटॉरकडे किती विद्यार्थी असतात? आणि आधीच्या बॅचमधल्या एखाद्या पुल रिक्वेस्टवर मेंटॉरने लिहिलेले शेरे, नाव झाकून का होईना, दाखवायला सांगा. ते दाखवता येत नसतील तर फी भरू नका.