उश्नाखची टेकडी: वाटाड्यासोबतच बघा

आयर्लंडला येणारी आपली मंडळी मोहरचे कडे बघतात, डब्लिनमध्ये खरेदी करतात आणि परततात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, अर्धा दिवस वेस्टमीथ परगण्यातल्या उश्नाखच्या प्राचीन, पवित्र मानलेल्या टेकडीला द्याच. उंची जेमतेम 182 मीटर. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी काठी टेकत त्या सगळीकडे फिरल्या.

मलिंगारहून अ‍ॅथलोनला जाताना रस्त्यालगतच फाटक लागतं. जमीन खासगी आहे, गुरं चरत असतात, म्हणून आधी नाव नोंदवून वाटाड्याबरोबर जायचं. सहलीचे पैसे वसूल होतात ते त्याच्यामुळेच. आपले आपण गेलो तर गवत आणि चार उंचवटे, बस्स. तो मात्र पायाखालची जमीन दाखवून सांगतो, की मे महिन्याच्या आरंभी बेल्टनचा, म्हणजे उन्हाळ्याच्या स्वागताच्या जुन्या सणाचा जाळ इथे पेटायचा. 1920 च्या दशकात मॅकॅलिस्टर आणि प्रेगर या संशोधकांनी इथे खोदकाम केलं, तेव्हा राखेचे थर लागले होते.

खरा जीव गुंततो तो नैर्ऋत्येच्या उतारावरच्या ‘कॅटस्टोन’मध्ये. हिमयुगात बर्फाने वाहून आणलेला हा चुनखडीचा भलामोठा धोंडा, वजन तीस टनांच्या आसपास. जागोजागी तडकलेला, फटींतून गवत उगवलेलं, अंगावर दगडफुलाचे पांढरे-पिवळे डाग. भोवती मातीचा बुटका बांध आहे. जुन्या आयर्लंडचे पाचही प्रांत या दगडापाशी एकत्र येत, अशी परंपरा सांगते. जिच्यावरून देशाला एरा हे नाव मिळालं, ती एरिऊ देवी याच्याखाली विसावली आहे, अशी श्रद्धा. सासूबाईंनी चपला काढून हात जोडले. वाटाड्या अदबीने बाजूला उभा राहिला आणि त्यांचं झाल्यावरच पुढचं बोलू लागला. त्याबद्दल त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण.

वरच्या तळ्याला लूघ देवाचं नाव आहे. त्याला याच पाण्यात बुडवून मारलं, अशी कथा आहे. माथ्यावरून मिडलँड्सचा, म्हणजे मध्य आयर्लंडचा सपाट हिरवा मुलूख दूरवर दिसतो. हवा स्वच्छ असेल असाच दिवस निवडा, ढगाळ दिवशी निम्मी मजा जाते.

मे महिना सगळ्यात उत्तम, हॉथॉर्नची झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडलेली असतात. पण तेव्हाही वर वारा झोंबतो, तेव्हा कानटोपी न्या. गवत ओलं आणि शेणाचं असतं, म्हणून रबरी बूटच घाला. कुत्रं असेल तर घरीच ठेवा, गुरं बुजतात. लहान मुलांना मात्र जरूर न्या, गोष्टी त्यांच्यासाठीच आहेत.