छोट्या बॉडीची गिटार आणि १८ मिलिमीटरचा घोळ

उघड्या तारा ट्यूनरवर बरोब्बर लागतात, पण बाराव्या फ्रेटवर बोट ठेवलं की सहाच्या सहा तारांचा सूर हवा त्यापेक्षा वर चढतो. थोड्याथोडक्या नाही, जवळजवळ ५० सेंट, म्हणजे अर्धा सेमीटोन, लगतच्या दोन सुरांमधलं निम्मं अंतर. ही तक्रार घेऊन दुरुस्तीच्या टेबलावर आलेली इलेक्ट्रिक गिटार डोंबिवलीच्या एका मुलाने 'कस्टम' म्हणून बनवून घेतली होती. लोकलमध्ये नेता यावी म्हणून बॉडी लहान, आकार फेंडरच्या स्ट्रॅटचा, लाकूड महोगनी, ब्रिजपाशी (बॉडीवर तारा टेकतात तिथे) एक हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, आणि त्याला कॉइल स्प्लिट, म्हणजे स्विचने एकच कॉइल वापरायची सोय. सौदा ४२ हजारांचा, त्यातले २५ हजार आगाऊ. बनवणारा मुंबईतलाच, इन्स्टाग्रामवर फोटो दाखवून ऑर्डरी घेणारा.

फसवणूक पकडायला स्टीलची पट्टी पुरली. नटपासून (हेडस्टॉककडची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिलिमीटर, म्हणजे नेक त्याच्या दुप्पट, ६४८ स्केलचा, साडेपंचवीस इंची. स्केल म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी, सॅडल म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा. बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतही तितकंच अंतर हवं, वर जाड तारांसाठी दोन-तीन मिलिमीटर जास्त. इथे भरलं ३०६. सॅडल मागे सरकवून सरकवून दहाएक मिलिमीटर सरकतं. १८ ची तूट त्यात बसत नाही.

ही तूट आली कशी, ते रंग खरवडल्यावर दिसलं. बाजारातली स्वस्त, पूर्ण आकाराची तयार गिटार घेऊन तिची शेपटीकडची बाजू आणि कडा करवतीने उडवल्या होत्या. मागे लाकूडच उरलं नाही, म्हणून ब्रिज पुढे ढकलला. जुन्या ब्रिजची भोकं पुट्टीने बुजवलेली, ट्रेमोलोच्या (सूर हलवणाऱ्या दांडीच्या) स्प्रिंगांचा खड्डा मागून प्लास्टिकच्या पत्र्याखाली झाकलेला. वरून तीन हात चकचकीत काळा रंग.

असली मंडळी एकाच गोंधळावर जगतात: लहान बॉडी आणि लहान स्केल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. फेंडर पद्धतीचा २१ फ्रेटचा नेक नटपासून टाचेच्या, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या भागाच्या, टोकापर्यंत ४६० मिलिमीटर असतो. म्हणजे टाचेपासून सॅडलपर्यंत १८८ मिलिमीटर बॉडीवर मिळालेच पाहिजेत, बॉडी कितीही चिमुकली असो. कापायचं ते ब्रिजच्या मागचं, कडांचं, नेकच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या शिंगांचं. त्याहून लहान हवी असेल तर स्केलच कमी करा: ६२८, किंवा फेंडरच्या १९६४ च्या मस्टँगसारखं ६१० म्हणजे २४ इंच. पण त्यासाठी फ्रेटच्या खाचा नव्या मापाने पाडलेला नेक लागतो. ६४८ चा तयार नेक ६१० चा होत नाही. २४ इंचावर त्याच तारांचा ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, म्हणून सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाऐवजी ०.०१० इंचाची असलेला सेट लावायचा. आणि खरं सांगायचं तर, लोकलच्या डब्यात अडतं ते बॉडीमुळे कमी आणि हेडस्टॉकमुळे, म्हणजे नेकच्या चाव्या असलेल्या डोक्यामुळे, जास्त. हेडलेस केली तर लांबी वीतभर घटते. फक्त तारा पिळायच्या चाव्या ब्रिजकडे येतात, त्यांना मागे जागा सोडावी लागते.

वरचं शिंग आखूड केल्याचा आणखी एक फटका. पट्ट्याचं बटण साधारण बाराव्या फ्रेटच्या रेषेत असलं तर गिटार तोलात राहते. या गिटारीत ते बरंच मागे गेलं होतं, त्यात बॉडी हलकी. हात सोडला की नेक जमिनीकडे.

आता आतलं. कंट्रोलच्या खड्ड्यात पुश-पुल पॉट, म्हणजे ओढला-दाबला की स्विचचं काम करणारा नॉब, होता, नॉब ऐटीत वर-खाली व्हायचा. पण हंबकरमधून आलेल्या वायरीत एकच तार आणि वर जाळी! स्प्लिट करायचं तर दोन्ही कॉइलची टोकं बाहेर यायला हवीत, त्यासाठी सहसा चार तारा आणि जाळी असते. स्विचच्या पायांना काहीच जोडलेलं नव्हतं. पॉट मल्टिमीटरवर २५० के (किलोओहम) निघाला. हंबकरला सहसा ५०० के लावतात, नाहीतर आवाज दबतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फेरी मारली तर हा फरक किरकोळ पैशांत मिटतो, मग तेवढ्यातही काटकसर कशाला, हे कळत नाही. पिकअपवरचं नामांकित कंपनीचं स्टिकर मात्र नवं कोरं. आठ के रेझिस्टन्स आला म्हणून पिकअप अस्सल ठरत नाही, स्वस्तातलेही तेवढाच आकडा दाखवतात.

महोगनीचं म्हणाल तर नेकचे चार स्क्रू काढून भोकात पाहिलं: प्लायवुडचे थर. म्हणून रंगाच्या आधीच कोरलेल्या खड्ड्यांचे फोटो मागा. कच्च्या लाकडाचे रेषे तिथे लपत नाहीत. एकदा शिल्डिंगचा (खरखर अडवणारा) काळा रंग फासला की संपलं.

चार महिने उशिराचं कारण दिलं होतं पावसाचं. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते पचतं. जुलै-ऑगस्टच्या मुंबईत नायट्रो लॅकर मारलं तर दमट हवेने त्यावर पांढुरकी झाक येते, त्यामुळे शहाणा कारागीर थांबतो. पण लॅकर थांबलं तरी कोरलेली बॉडी दाखवता येतेच. त्याने पाठवलेले फोटो भलत्याच्याच कामाचे होते. गूगलवर उलटा शोध घेतल्यावर परदेशी कारागिराच्या पानावर सापडले. कागदावर तुमचं नाव आणि तारीख लिहून तो बॉडीवर ठेवून, शेजारी पट्टी लावून फोटो मागा. टाळाटाळ झाली तर पुढचा हप्ता थांबवा. लाकूड आणि सुट्या भागांपुरते २५-३० टक्के आगाऊ पुरेत. स्केल, लाकूड, पिकअपचं मॉडेल, पॉट किती के चा, हे सगळं बिलावर लिहून घ्या. ताबा घेताना आधी पट्टी, मग ट्यूनर, आणि त्यानंतरच उरलेले पैसे.

पैसे घेऊन माणूस गायबच झाला तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. वस्तू आली पण ठरल्यासारखी नसेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. चॅट, यूपीआयच्या पावत्या आणि मोजमापाचे फोटो जपून ठेवा, गिटार उघडण्याआधीचेही.

त्या गिटारीतून नेक आणि तारा पिळायच्या चाव्या वाचल्या. नेक सरळ होता, नेकचा बाक सुधारणारी आतली सळी, ट्रस रॉडही, पाव फेऱ्याला नीट दाद देत होता. तो आता दुसऱ्या पूर्ण आकाराच्या बॉडीवर बसवला आहे आणि बाराव्या फ्रेटवर सुरात बोलतो.